केशरबाईंच्या गावचे तरुण

नातीची एक वेणी घालून झाली होती. दुसरीचे पेड केशरबाईंच्या बोटांत होते, तेवढ्यात कडी वाजली. लिंबागणेशच्या पुढच्या त्या गावात सकाळी कडी वाजवून कुणी येत नाही. लोक हाक मारत थेट ओट्यावर येतात. कडी वाजली म्हणजे सरकारी माणूस.

ग्रामसेवक बद्रीनाथच होता, घाईत.

"मावशी, पाहुणे आजच येऊ लागलेत. आपलं सरकार अन् परदेशातलं एक सरकार मिळून तरुणांसाठी धोरण आखतंय ना, त्याचे. दिल्लीचे साहेब हायेत, तिकडच्या बाई हायेत. गावातले तरुण गोळा करा."

केशरबाईंनी वेणीला रिबीन बांधली. "कुठून गोळा करू? पुसाचा महिना चालूय, बद्रीनाथ."

बद्रीनाथ मटकन ओट्यावर बसला. चूक एकट्या त्याची नव्हती. तारीख दिल्लीत ठरली, जिल्ह्याने ती पुढे धाडली, त्याने ती नुसती पंचायतीच्या भिंतीवर लावली, घरोघर सांगितली नाही. दिवाळीनंतर या गावात तरुण म्हणून कुणी उरतच नाही, हे ठाऊक सगळ्यांना होतं, आठवलं कुणालाच नाही. इथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं धरतात. असे कोयते जमवून मुकादम ऊसतोडीला टोळी नेतो, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते.

केशरबाईंनीही लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून कंबर धरेपर्यंत ऊसच तोडला. थांबल्या त्या दुष्काळाच्या साली. तेव्हा चारा छावणीत गुरांपाशी बसलेल्या बायकांना त्यांच्या धर्मराजने आणि सून मुक्ताने एक सुचवलं: दूध जिचं तिने विकण्यापेक्षा सगळ्यांचं एका जागी घालू, म्हणजे घेणारा भाव पाडणार नाही. त्यातून तरुणांची दूध सोसायटी उभी राहिली. पोरं मोटारसायकलला कॅन अडकवून मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर दूध पोचवू लागली. तरी कोयता सुटला नाही. तेवढ्या दुधावर वर्ष निघत नव्हतं. आता ही दोन सरकारं मिळून जिल्ह्यातलं एक गाव निवडणार होती. तिथल्या तरुणांना दही-पनीर करायचं शिक्षण मिळणार होतं, यंत्रं मिळणार होती.

कालच धर्मराजचा उसाच्या फडावरून फोन आला होता. "आई, गावाचं नाव लागलं तर पुढच्या दिवाळीला आमी दोघं घरीच."

समाजमंदिरात 'युवा संवाद' असा फलक लागला आणि त्याखाली गावात होते नव्हते ते सगळे म्हातारे येऊन बसले.

"मला बी तरुणांत धरा," पटका सारखा करत ज्ञानोबा म्हणाले. "मागच्या इलेक्शनला युवक आघाडीचं उपरणं माझ्याच गळ्यात व्हतं."

"तोंडात दात किती राहिलेत ते सांगा आधी," छबुबाईंनी पदराआडून सुनावलं.

पाहुण्या बाईंनी आत येऊन आधी फलक पाहिला, मग माणसं पाहिली. त्या काहीतरी बोलल्या. सोबतच्या दुभाषी मुलीने, ती अंबाजोगाईच्या कॉलेजातली होती, मराठीत विचारलं, "बाई म्हणतायत, तरुण कुठे आहेत?"

"रानात गेलेत," बद्रीनाथ पटकन बोलून गेला. "येतीलच."

"मग आम्ही थांबतो," असं मुलीकरवी सांगून बाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

चहा झाला. परत चहा झाला. दिल्लीचे साहेब घड्याळ पाहू लागले. केशरबाईंनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. खरं सांगितलं तर गावाचं नाव कटेल. गप्प राहिलं तर इथल्या तरुणांना कशाचं काही पडलेलं नाही, असंच हे लोक समजून जातील. ते त्यांना सोसवेना. त्या उठल्या.

"बाई, आमचा बद्रीनाथ खोटं न्हाई बोलला. रानातच हायेत, पर दुसऱ्याच्या, लई लांब. ऊस तोडाया गेलेत. सोसायटी त्यांचीच हाय. ते येईस्तोवर आमी सांभाळतो. ज्ञानोबा दूध मापतेत, छबुबाई कॅन धुतेत."

"मग आधी कळवायचं ना," साहेब म्हणाले.

"आमाला कडी वाजली तवा कळलं, साहेब."

दुभाषी मुलीने सगळं सांगितलं. बाई ऐकता ऐकता हसू लागल्या. त्यांनी सांगितलं, त्यांच्याकडे जुलैत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, साऱ्या कचेऱ्या बंद, तरुण पोरं तळ्याकाठी सुट्टीला. म्हणून दोन्ही सरकारांचे दौरे जानेवारीत ठेवायचे, असं त्यांच्याच बाजूने ठरलं होतं. उन्हाळ्यात त्यांनाही त्यांचे तरुण सापडत नाहीत.

"म्हंजी त्यांचे बी तोडीला जातेत?" ज्ञानोबांनी विचारलं.

"नाही हो आजोबा, पोहायला," दुभाषी मुलगी म्हणाली.

साहेबसुद्धा हसले. मग बाईंनी केशरबाईंकडे वळून विचारलं, तुम्हाला काय हवं आहे?

सगळं समाजमंदिर कान देऊन बसलं. यंत्रं मागावीत, असं बद्रीनाथ डोळ्यांनी खुणावत होता. केशरबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"गाव आमचंच घ्या, असं म्हणत न्हाई. फकस्त निवड आज करू नका. तुमच्या त्या जुलैच्या सुट्टीतले दोन दिस मोडून आखाडात या. तवा आमची लेकरं घरी असतेत. जे इचारायचं ते त्यांनाच इचारा."