पंप मागच्या सीटखाली होता

सुलतान बाजारातून ब्लाउजचं अस्तर आणायला गेलो, ते आम्हा नवरा-बायकोचं जोडीनं केलेलं शेवटचं काम. रंग जुळेना म्हणून तिनं मला दुकानामागून दुकान फिरवलं. मी बाहेर उभा राहून कुरकुर केली. परतताना ऑटोवाल्यानं सहज विचारलं, "अम्मा, गाडी नहीं लिए क्या अब तक?"

"लिए ना. नई गाडी है," ही म्हणाली. "मेरे हाथ से बिगड गई."

मी म्हटलं, "त्याला कशाला सांगतेस?"

"खरं ते सांगितलं," म्हणाली.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ती गेली, पण गाडी आपण बिघडवली हे मनात धरूनच गेली. म्हणून हे प्रकरण अजून माझ्या डोक्यातून उतरत नाही.

मी पोलीस खात्यात होतो. शाळा सातवीपर्यंत. शिपाई म्हणून लागलो, सहायक उपनिरीक्षक म्हणून घरी बसलो. खून पाहिले, दरोडे पाहिले. आठवणी लिहा म्हटलं की मात्र हेच पुढं येतं, निवृत्तीनंतरचं असलं तरी. नाव कुणाचं लिहीत नाही.

आमच्या ठाण्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. बंदुका तेल लावून, पुसून मांडायच्या, झेंडूची फुलं वाहायची. घरी ही माझा पट्टा आणि लाठी पाटावर ठेवून कुंकू लावायची. निवृत्त झालो, पट्टा-लाठी जमा केली, पाट रिकामा झाला. यंदा गाडी होती. आयुष्यातली पहिली. मला बॉनेट उघडायला लावलं.

मी म्हटलं, "वरून लाव की."

"पत्र्याला कुंकू लावून काय करायचं? राबतंय ते आतलं," म्हणाली. इंजिनाला कुंकू लावलं, तांब्यातलं पाणी शिंपडलं, चाकापुढं नारळ फोडला.

थोड्याच दिवसांत नामपल्लीच्या भर रस्त्यात गाडी बंद पडली. ओढून शोरूमला नेली. सर्व्हिसच्या काउंटरवरच्या माणसानं बॉनेट उघडलं, कुंकू पाहिलं आणि चार लोकांत हिला म्हणाला, "मॅडम, इंजन पे पूजा नहीं करना. पानी अंदर गया, पंप खराब हुआ. ये वॉरंटी में नहीं आता."

ही पदर सावरत खाली बघायला लागली. मी म्हटलं, "औरत से नहीं, मेरे से बोल." बोललो खरा, पण हातात पुरावा काय होता? कुंकू तर समोर दिसत होतं. गाडी तिथंच सोडून आलो. मग हिनं ज्याला त्याला सांगायला सुरुवात केली. कुणी विचारायची वाट बघत नव्हती.

तिचं तेरावं झालं आणि मी गाडी सोडवायला गेलो. दुरुस्तीचे पैसे भरायची तयारी ठेवली होती. भांडायचं बळ नव्हतं. बाकावर शेजारी एक दाढीवाले गृहस्थ बसले होते. त्यांचीही तीच गाडी, तोच रंग.

"क्या हुआ तुम्हारी को?" मी विचारलं.

"चलते-चलते बंद पड गई साब. ये लोगां बोल रे, पूजा का पानी अंदर गया."

"पूजा का?"

"हौ. मैं बोला, मियाँ, मेरी दाढी देख के तो बोल. तो बोला, पडोसी किए होंगे. हौला है पूरा, पागल."

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. आणि हसता हसता आतला पोलीस जागा झाला. दोन अनोळखी माणसांचं म्हणणं शब्दाला शब्द जुळलं की ते पढवलेलं असतं, हे मी ठाण्यात शिकलो. इथं आरोपच पढवलेला होता.

काउंटरवरच्या त्याच माणसाला मी बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. म्हटलं, "बाबू, पंप किधर रहता? मेरे को दिखा."

"आप को नहीं समझता सर."

"नहीं समझता, इसलिए तो पूछ रहा."

घटनास्थळ पाहिल्याशिवाय पंचनामा होत नाही. हे काम मी आधीच करायला हवं होतं, असा मनात विचार आला, पण तेव्हा पंप म्हणजे काय हेही मला ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं, सीट उचलली आणि खालचं गोल झाकण दाखवलं. "ये. पेट्रोल की टंकी में रहता."

मी चालत पुढं गेलो आणि बॉनेटवर हात ठेवला.

"पूजा किधर हुई?"

"आगे."

"फिर पानी पीछे कैसा गया? चल के?"

तो गप्प. मीही गप्प. चौकशीत गप्प बसता येणं हे अर्धं काम असतं. मारझोड करणाऱ्यांना ते कधी कळलं नाही. थोड्या वेळानं तो टायरांच्या ढिगावर बसला. कॉलर घामानं भिजली होती.

"सर, इस लॉट का पंप वीक है. बहुत गाडियां आ गए. नवा पंप आने तक कस्टमर को कुछ तो बोलना पडता. मॅनेजर सर बोले, दसरा हुआ है, पूजा बोल दो. मान जाते."

"मान जाते?"

"सब मान जाते सर. लेडीज तो झगडा भी नहीं करते." मग खाली बघून म्हणाला, "मेरी वाइफ भी किए सर, मेरी बाइक की पूजा."

"बाइक बंद पडली तर तिलाही हेच सांगशील?" मी मराठीतच बोलून गेलो. त्याला अर्थ कळला असावा. उठला आणि म्हणाला, "चलिए सर. मैं आता अंदर."

दाढीवाल्यांना बरोबर घेऊन आम्ही मॅनेजरच्या खोलीत गेलो. मॅनेजर आधी पाण्याचंच सांगत बसला. तेवढ्यात हा पठ्ठ्या म्हणाला, "सर, इनको मैं सब बता दिया." नोकरी जाईल हे ठाऊक असून म्हणाला. मॅनेजरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन्ही गाड्यांचे पंप वॉरंटीत बदलून देतो म्हणाला. मी बजावलं, "इस आदमी को कुछ किए तो मैं वापस आऊँगा."

"नहीं अंकल. और कुछ?"

"गलती किस की थी, वो बोलो."

"पार्ट की."

"मेरी घरवाली की?"

"नहीं नहीं, उनकी बिल्कुल नहीं. मॅडम को हमारी तरफ से सॉरी बोलिए."

दाढीवाल्यांनी माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी म्हटलं, "बोलता हूँ."

नोकरीत मी न केलेला गुन्हा कबूल करणारी माणसं पुष्कळ पाहिली. मला वाटायचं, मार खायच्या भीतीनं करतात. हिला कुणाची भीती नव्हती, मला तर मुळीच भ्यायची नाही. घरात काही बिघडलं की आपलंच चुकलं असणार, अशी सवय लागलेली. असला कबुलीजबाब कोर्टात उभा राहत नाही. घरात मात्र जन्मभर चालतो, कारण तिथं त्याची शहानिशा कुणी करत नाही. पोलीस नवराही करत नाही. हे मला या प्रकरणानं शिकवलं, आणि फार उशिरा शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी गौलीगुड्यात तिच्या धाकट्या बहिणीकडं गेलो. दारातच सांगितलं, "तुझ्या अक्कानं गाडी बिघडवली नव्हती. पंप मुळातच खराब होता. मॅनेजर कबूल झाला."

"दाजी, आधी आत तर या. आम्ही कधी तिला दोष दिला?"

"तुम्ही नाही. तिनंच दिला होता. तुझ्याजवळ बोलली होती ना?"

तिनं पदर तोंडाला लावला. "बोलली होती," म्हणाली.

"मग ते खोडून टाक."

तिनं चहा दिला, तो घेतला. तिथून शेजारच्या तेलुगू बाईंकडं गेलो, मग गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवालीकडं, मग भजनाच्या बायकांकडं. जिच्याजवळ ती बोलली असेल तिला तेवढंच सांगितलं आणि पुढच्या दाराशी गेलो.