रुखवतातलं जहाज

मी लातूरच्या एका कॉलेजात बावीस वर्षं सागरी विमा शिकवतो. समुद्र मी दोनदा पाहिलाय. त्यातही एकदा ओहोटी होती.

एवढ्या भांडवलावर घरात माझी चांगलीच वट होती. म्हणूनच पुतणीच्या, म्हणजे पूजाच्या, लग्नाचं रुखवत औशाहून शिरूर अनंतपाळच्या मंगल कार्यालयात सुखरूप पोचवायचं काम दादानं माझ्यावर टाकलं.

"पाव्हण्यांच्या बायका लई बारीक बघत्यात," तो म्हणाला. "करंजी जरी मोडली तरी पोरीला जन्मभर ऐकावं लागंल. तू मालवाहतुकीतला माणूस हायस."

(मालवाहतुकीतला! मला घरचा गॅस सिलेंडर उचलत नाही.)

टेम्पोत मागं मी, बायको सुनंदा आणि थोरली बहीण मंगलअक्का. पुढं ड्रायव्हर गफूरभाई. सामानात अक्काच्या बेसनलाडवांचे दोन मोठे डबे आणि सुनंदानं वीस दिवस खपून केलेलं शंकरपाळ्यांचं जहाज. त्याला पापडांची शिडं होती आणि चकल्यांची चाकं. जहाजाला चाकं नसतात, हे मी एकदाच बोललो.

वाटेत कालव्यावरच्या पुलाचं काम चालू होतं, म्हणून टेम्पो वळणरस्त्यानं खाली उतरला. कालव्याला पाणी सोडलेलं. तिथून पोटरीभर पाणी वाहत होतं. बरोबर मधोमध टेम्पो बंद पडला!

"सर, बसून राहा. आलोच," म्हणत गफूरभाई रिकामा कॅन घेऊन निघून गेले. पाण्यात उभा असलेला माणूस पाणी आणायला कशाला जाईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. कप्तान जहाज सोडून गेला, एवढंच मला कळलं.

"अक्का, टेम्पो डावीकडं कलंडून राहिलाय!"

"आरं, तू डावीकडं बसलास म्हणून! इकडं सरक."

मी सरकलो नाही. उभा राहिलो आणि वर्गातल्या आवाजात सांगितलं, "जहाज संकटात आलं की थोडा माल पाण्यात टाकून बाकीचा वाचवायचा. मग ज्यांचं ज्यांचं वाचलं, त्या सगळ्यांनी मिळून ते नुकसान सोसायचं. कायदाच आहे तसा."

"म्हंजे काय करायचं?"

"लाडू फेकायचे."

"फेकून तर बघ!"

कायद्यात मालकाची परवानगी लागत नाही, म्हणून मी फेकून बघितलं. डब्यांची झाकणं उडाली आणि लाडू रांगेनं परत औशाच्या दिशेला निघाले. डबे उचलताना मधे जहाज येत होतं. ते मी आधीच अलगद पाण्यावर ठेवलं होतं. जहाज होतं, तरंगेल असं वाटलं. तरंगलं नाही.

सुनंदा हाताची घडी घालून माझ्याकडं बघत राहिली. खरं सांगतो, मला त्या पाण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात गफूरभाई आले. कॅनमधलं डिझेल टाकीत ओतलं, किल्ली फिरवली. टेम्पो दोनदा खोकला आणि चालू झाला!

"डिझेल संपलं होतं, सर. डबे कुठं गेले?"

मी कालव्याकडं बघितलं. तेव्हा सुनंदानं तोंड उघडलं. (माझ्या सगळ्या नोट्स तिनंच टाइप केल्यात.)

"काय हो, संकट खरं असावं लागतं ना? ते नुसतं मनातलंच असेल, तर?"

"तर फेकणाऱ्याचं नुकसान. बाकीच्यांनी काही द्यायचं नाही," मी म्हणालो. बावीस वर्षांत एवढं अचूक उत्तर मला कुठल्या विद्यार्थ्यानं दिलं नव्हतं.

कार्यालयात रुखवताच्या टेबलावर मधोमध भलीमोठी मोकळी जागा राहिली. पूजानं ती बघितली आणि तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथं समईच उचलून ठेवत होतो, तेवढ्यात नवरदेवाची आत्या चष्मा पुसत आलीच.

"इथं काय होतं वं?"

मी अक्काकडं हात जोडून बघितलं. अक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"जहाज होतं. पोरीच्या काकानं बुडवलं."

"अगं बाई! काय करत्यात हे काका?"

"कॉलेजात शिकवतोय," अक्का म्हणाली. "जहाज कसं वाचवायचं, ते."

पूजा फिस्सकन हसली. मग आत्याही हसली. मग सगळं कार्यालय हसलं आणि त्या मोकळ्या जागेबद्दल परत कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती. तिथं समई घेऊन मीच उभा होतो.