मावशीच्या कार्डावरचे तास

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला सगळे घडीवाली म्हणत. चादरींच्या घड्या तिथं सगळ्याच बाया घालायच्या, पण हिची घडी अशी की वरच्या मजल्यावरच्या नर्सा गठ्ठा हातात घेतल्याबरोबर ओळखायच्या. या कौतुकापोटी तिच्या पगारात कधी एक पैसाही वाढला नाही, हा भाग वेगळा. कौतुक फुकट मिळतं, म्हणूनच लोक ते सढळ हातानं वाटतात.

ती अर्धवेळ कामगार. अर्धवेळ म्हणजे अर्धं काम असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या तळघरात येऊन चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरच्या तोंडाशी उभं राहावं. पाळी अर्धी असते, पण त्या अर्ध्या पाळीत पुऱ्या पाळीच्या चादरी अंगावर येतात. पाय तर घरी गेल्यावरही पूर्णवेळ दुखतात.

घरी नवरा होता. तो रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा, आणि दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडला तेव्हापासून कमरेखालचं अंग त्याचं ऐकत नव्हतं. दोन शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून त्याला चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं, ते शेवटचं. इमारतीला लिफ्ट नव्हती. त्यानंतर जमिनीला त्याचे पाय सोडाच, खुर्चीची चाकंही लागली नव्हती. दिवसभर खिडकीशी बसून तो समोरच्या इमारतीची भिंत बघायचा आणि ती कुणा अडाण्यानं रंगवलीय यावर रोज एक भाषण ठोकायचा. भाषणं चालू होती तोवर घडीवाली निश्चिंत होती. अलीकडे ती बंद झाली होती. तो नुसताच बघत बसायचा, आणि एकदा म्हणाला होता, "या खिडकीचा कठडा फार बुटका आहे गं." त्या दिवसापासून कामावर जाताना ती खिडकी बंद करून कडीला तारेचा पीळ घालून जायची.

अशात इमारतीच्या मागच्या अंगाची तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. उंबऱ्याला एकच पायरी, पुढं फरसबंद अंगण. घरमालकिणीनं भाडं जास्त सांगितलं आणि वर अट घातली, "महिनाअखेर वाढलेल्या पगाराची स्लिप दाखवा. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी माझ्याकडे चालत नाही. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

घडीवाली हसून हो म्हणाली, कारण तिची वाढ याच महिन्यात होती. युनियननं लाँड्री चालवणाऱ्या कंपनीशी केलेल्या करारात ते स्पष्ट होतं. पूर्णवेळ कामगाराला वर्ष भरलं की वाढ. अर्धवेळवाल्याला वर्षांवर नाही, तासांवर. ठरलेले तास भरले की पगार पुढच्या टप्प्यावर जायचा. तिनं आपले तास पहिल्या दिवसापासून मनात धरले होते, बाई आपल्या पोराचे महिने मनात धरते तसे. चूक होणं शक्यच नव्हतं. तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, पण त्याचा चेहरा बघून कोणाला गप्प राहवलं असतं? त्यानं त्याच दिवशी खोलीचा रंग ठरवला. खुर्चीत बसून हात पोचेल तिथवर भिंत तो रंगवणार, वरची ती, आणि जोड कुठं आहे ते कोणाला दिसणार नाही. समोरच्या भिंतीवरची भाषणंही पुन्हा सुरू झाली.

स्लिप आली. पगार तोच होता.

तिनं ती उलटीसुलटी करून बघितली, मग रोलर दुसऱ्या बाईकडे सोपवून वर कलमदादाकडे गेली. कलमदादा हा त्यांचा युनियनवाला. माणूस सज्जन, पण सर्दी झाली तरी करारातलं कलम सांगेल असा.

"ताई, तुमचे तास कमी भरतात," तो म्हणाला. "या हिशेबानं वाढ व्हायला अजून चारेक महिने लागतील."

"कसे कमी? मी एक दिवस घरी राहिले नाही."

"इथं तसंच दिसतंय. मशीनवर तुमचं कार्ड जेवढं पंच झालं, तेवढे तास."

ती बोलायला गेली आणि तोंड उघडंच राहिलं. कारण कुठले तास गेले, ते तिला त्या क्षणी कळलं.

लाँड्रीतल्या बायांची एक रीत होती. अर्धवेळ बाई आजारी पडली आणि थोडे दिवस आली नाही, की तिचं नाव पटावरून कापलं जायचं. आजारपणाची रजा तिला नव्हतीच. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी तऱ्हा. म्हणून मग दुसरी कोणीतरी आपली पाळी संपवून तिच्या कार्डावर तिची पाळी करायची. पगार आजारणीच्या नावानं निघायचा आणि ती तो पाकीट न फोडता पाळी करणारीच्या हातात ठेवायची. मुकादमाला चादरींशी मतलब, तो भिंतीकडे बघायचा. कोणाचा पैसा बुडाला असं आजवर झालं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्या सगळ्यांना अभिमान होता.

मागच्या हिवाळ्यात मावशीचं खुब्याचं हाड मोडलं. मावशी म्हणजे लाँड्रीतली सगळ्यांत जुनी बाई, तीही अर्धवेळच, लवकरच निवृत्त होणारी. नाव कापलं गेलं असतं तर म्हातारपणाचं पेन्शन गेलं असतं. अख्खा हिवाळा घडीवालीनं तिच्या पाळ्या केल्या. राबली ही, दमली ही, पैसे आले हिच्या हातात. तेव्हा तास मोजताना तेही तिनं आपल्यातच धरले. राबणारा माणूस दुसरं काय करेल? पाकीट हातातून हातात देता येतं, तास देता येत नाहीत, हे त्या रीतीत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "समजा एखादीनं दुसरीच्या कार्डावर काम केलं असेल तर?"

कलमदादानं आधी दाराकडे बघितलं. "ताई, हे तुम्ही मला विचारलं नाही आणि मी ऐकलं नाही. तास परत मिळतील, पण तक्रार करावी लागेल, नाव सांगावं लागेल. आणि दुसरीचं कार्ड पंच करण्याच्या कलमाखाली दोघी कामावरून जातात. त्यात मी तर सोडाच, युनियनचा बापही काही करू शकत नाही."

ती खाली आली तेव्हा मावशी टॉवेलांच्या ढिगाशी स्टुलावर बसली होती. चेहरा फुललेला.

"अगं पोरी, मला वाढ लागली बघ. आता जाता जाता. पेन्शनही थोडं जास्त बसेल म्हणतात. मला तर कळेना, माझे तास एवढ्यात भरले कसे." मग तिनं सहज विचारलं, "तुझीही आलीच असेल ना?"

घडीवालीनं ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण इतक्या दिवसांची आशा अशी टॉवेलांच्या ढिगात पडलेली बघून ठरवलेलं कुठं टिकतं?

"तुमची वाढ माझी आहे, मावशी," ती म्हणाली. "ते तास माझे आहेत. हिवाळ्यातले."

मावशीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. समजायला तिला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ती एकदम म्हातारी दिसायला लागली.

"वाढीचे पैसे दर महिन्याला तुझ्या हातात ठेवीन," ती म्हणाली. "निवृत्त होईपर्यंत. पेन्शनमधलेही देईन."

"घरमालकिणीला स्लिप हवी आहे. माझ्या नावाची."

"मग मी वर जाऊन सांगते."

मावशी खरंच उठली. मोडून सांधलेला खुबा सावरत, टेबलाला धरत जिन्याकडे निघाली. घडीवालीनं तिला जाऊ दिलं. पुढं आयुष्यभर तिला हे आठवणार होतं, की मावशी पहिली पायरी चढली, दुसरी चढली, आणि आपण हाक मारली नाही. जा, असं तिचं मन म्हणत होतं. जा म्हातारे, माझा नवरा खिडकीशी बसलाय. तिसऱ्या पायरीवर मावशीचा पाय लचकला, तिनं कठडा घट्ट पकडला आणि मागं वळून न बघता तशीच उभी राहिली.

घडीवाली धावली. तिला धरून खाली आणलं, स्टुलावर बसवलं, आणि मग दोघी कितीतरी वेळ टॉवेलांच्या घड्या घालत राहिल्या.

घरमालकिणीकडे ती स्वतःच गेली. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणाली. घरमालकीण म्हणाली, "पुढच्या वर्षी रिकामी असेल तर या." ती वाईट बाई नव्हती, तिनं पाणी विचारलं.

चौथ्या मजल्याचं दार उघडताच रॉकेलचा वास आला. तिनं आधी खिडकीकडे बघितलं. पण रंगारी खिडकीशी नव्हता. तो खोलीच्या मध्यावर बसला होता, मांडीवर जुनं पोतं पसरून. दोन वर्षं दगड होऊन पडलेले ब्रश त्यानं डब्यातल्या रॉकेलात भिजवले होते आणि एकेकाचे केस बोटांनी मोकळे करत होता.

"हा मोठा वाचला बघ," तो म्हणाला. "बारीक दोन मात्र गेले. स्लिप दाखवलीस?"

ती दाराशीच बसली. "वाढ नाही झाली. तास कमी पडले."

"तू तर म्हणत होतीस, पक्के मोजलेत."

"मोजताना चुकले."

तो तिच्याकडे बघत राहिला. रंगाची ही छटा का ती छटा, हे जन्मभर ओळखत आलेला माणूस तो. त्याच्यापुढं हिचं खोटं किती टिकणार.

"तू चुकत नाहीस," तो म्हणाला. "मावशीचा हिवाळा?"

ती पायातल्या चपला काढून भिंतीशी लावू लागली.

"तू नको म्हणत होतीस. दमते म्हणाली होतीस. मीच म्हटलं, जा, म्हातारीचं वाटोळं होईल."

इथं तिनं नाही म्हणायला हवं होतं. मी माझ्या मनानं गेले, असं म्हणायला हवं होतं. पण दिवसभर ती खूप जणांचं मन राखत आली होती, आणि आता अंगात काही उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच म्हटलं होतं."

त्यानं मान हलवली. मोठा ब्रश पोत्याला पुसून डब्यात उलटा ठेवला, डबा बाजूला सरकवला आणि खुर्चीची चाकं ढकलत खिडकीशी गेला. कडीला हात लावून बघितला. तारेचा पीळ तिथं होता.

"ही तार माझ्यामुळं घालतेस होय," तो म्हणाला. "मला वाटायचं कडी ढिली आहे म्हणून."

ती उठून त्याच्याजवळ गेली आणि खुर्चीला टेकून जमिनीवर बसली. त्याच्या हाताला रॉकेलचा वास येत होता. तो हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि अंधार पडला तरी सोडला नाही.