आयरीनबाई आणि हरणाचं कातडं

आयरीनबाईंना पुदिन्याचं एक पान तोडायचं असलं तरी त्या आधी रोपाच्या मुळाशी चिमूटभर तंबाखू ठेवायच्या. नॉटिंगहॅममध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून, मागे दोन बागांमध्ये छातीएवढं लाकडी कुंपण. मी कुंपणावरून म्हणालो, "बाई, तंबाखू किती महाग झालीय! मातीत कशाला घालता, मला द्या." त्या हसल्या नाहीत. "घ्यायच्या आधी विचारायचं असतं, किसन. घेऊन झाल्यावर थँक्यू कुणीही म्हणतं."

त्या ओजिब्वे. कॅनडातल्या मोठ्या तळ्यांच्या काठचे मूळचे लोक. इंग्रज नवऱ्याबरोबर इकडे आल्या, नवरा गेला, त्या राहिल्या. त्यांच्या आईला लहानपणी सरकारने घरातून उचलून गोऱ्यांच्या निवासी शाळेत नेलं होतं, केस कापले होते, आपली भाषा बोलली की मारलं होतं. त्या धसक्याने आईने ती भाषा मुलीला शिकवलीच नाही. आयरीनबाई साठीनंतर ती कॉम्प्युटरवर शिकायला बसल्या. दर रविवारी तिकडची एक म्हातारी स्क्रीनवरून त्यांच्या चुका काढायची. "आईचं तोंड त्यांनी बंद केलं," म्हणायच्या, "माझं कोण बंद करतंय बघू."

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला कुणा ओळखीच्या शिकाऱ्याने त्यांना हरणाचं कातडं दिलं. ते त्यांनी बागेत चौकटीवर ताणलं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. वास आला आणि हात थांबला.

माझा आजा गावातली मेलेली जनावरं ओढायचा, सोलायचा. करतोस का म्हणून त्याला कुणी विचारलं नव्हतं, ते त्याच्यावर होतंच. मी सात-आठ वर्षांचा, त्याच्याशेजारी बसून कातडं खरवडायचो. मग आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि बापाने आज्याची सुरी विहिरीत टाकली. तेव्हापासून आमच्या घरात कुणी त्या कामाला शिवलेलं नाही. मी कमरेला चामड्याचा पट्टासुद्धा लावत नाही.

मी तडक कुंपणाशी गेलो. "बाई, हे घाण काम सोडा. आम्ही सोडलं म्हणून माणसात आलो."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्यावर ते लादलं होतं. आमच्याकडून ते हिसकावलं. दोन्ही एकच कसं होईल?"

"वास तर एकच आहे," मी म्हणालो.

"मग खिडकी लावा."

मी लावली. पण नजर लावून घेता येत नाही. त्या रोज लोखंडी पातं घेऊन खरवडायच्या. उजवा खांदा गेलेला, हात थरथरायचा. एकदा त्या पोटाकडच्या बाजूला जोर लावताना दिसल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकडे हात हलका! पोटाकडचं पातळ असतं, फाटेल!"

बाईंनी पातं खाली केलं. माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुम्हाला येतं."

मी घरात जायला वळलो.

मग त्यांनी सांगितलं. साउथहॅम्प्टनच्या नातीला वसंतात बाळ होणार होतं. त्याच्यासाठी त्यांना या कातड्याचे मऊ जोडे शिवायचे होते, आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे तळव्याला मुद्दाम एक भोक ठेवायचं होतं. पलीकडच्या जगातले, मेलेले लोक बाळाला बोलवायला आले, तर बाळाने म्हणायचं, माझे जोडे फाटलेत, इतक्या लांब मला येता येणार नाही. "माझ्या आईला असले जोडे होते. मला नव्हते. किसन, माझा खांदा पुरा पडणार नाही. चार दिवस हात द्या."

"दुसरं काहीही सांगा, बाई. हे नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पातं उचललं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझा मुलगा म्हणाला, "बाबा, थोडी हेल्प केली असती तर काय बिघडलं असतं? इट्स जस्ट लेदर."

"तू दुकानातलं लेदर बघितलंस," मी म्हणालो. "गप्प बस."

नाही म्हणालो, ते मी अजूनही चुकीचं मानत नाही.

फेब्रुवारीत आयरीनबाई हॉस्पिटलमध्ये गेल्या त्या परत आल्याच नाहीत. चौकटीवरचं कातडं अर्धं साफ, अर्धं केसाळ, पत्र्यासारखं कडक झालेलं. आठवड्याने नात घर आवरायला आली. पोट चांगलं पुढे आलेलं, चालताना कमरेवर हात. कुंपणापाशी येऊन तिने मला तिच्या आजीसारखंच नावाने हाक मारली.

"किसन, ग्रॅन फोनवर म्हणाली होती, शेजारी एक जण आहे, त्याला हे येतं. तुम्ही करू नका, मी करीन. मला फक्त दाखवाल? पातं कसं धरायचं, एवढंच."

तिच्या हातात ते पातं होतं. मला हातसुद्धा लावावा लागणार नव्हता. कुंपणाच्या अलीकडून दोन शब्द सांगायचे होते. मागे दारात माझा मुलगा, सून, कडेवर नातू. त्यांच्यासमोर आज्याचं काम मला येतं हे म्हणायला माझी जीभ वळेना.

"मला येत नाही," मी म्हणालो. "बाईंचा काहीतरी गैरसमज झाला असेल."

"ओह. सॉरी," म्हणाली. तिने चौकटीच्या दोऱ्या कापल्या. कातडं दुमडेना म्हणून तसंच चादरीत गुंडाळलं, गाडीत तिरकं घातलं आणि गेली.

जन्मभरात मी पुष्कळांना नाही म्हणालो. त्याची मला लाज नाही. येत नाही म्हणालो, त्याची आहे.