दाजींची मांडी आणि मानाचा नारळ

डोंबिवलीच्या पश्चिमेस, खाडीकाठच्या कोळीवाड्यात, नारळी पौर्णिमेला खाडीस नारळ वाहण्याचा मान दाजींच्या घराकडे होता. मानकऱ्याने स्वतःच्या पायांनी धक्क्याच्या पायऱ्या उतरून तो वाहायचा, अशी रीत होती. ज्या वर्षी मानकऱ्याला चालता येणार नाही, त्या वर्षी मान दाजींच्या चुलतभावाकडे, देवरामकडे, जायचा. आणि एकदा गेलेला मान परत आल्याचे कोणाच्याही स्मरणात नव्हते.

अशा परिस्थितीत दाजी वैशाखात होडीवरून घसरले आणि त्यांच्या नडगीचे हाड मोडले.

प्लास्टर निघाले तेव्हा हाड सांधलेले होते. मांडी मात्र निम्मी झाली होती. दाजींनी ती दोन्ही हातांत धरून तपासली आणि प्लास्टरबरोबर काही भाग चुकून इस्पितळातच राहिला असावा, असे मत व्यक्त केले.

"कुणी नाय ठेवून घेतली, बाबा," सून हेमांगी म्हणाली. ती कल्याणच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. "तुमच्याच शरीराने मोडून टाकली."

मग तिने सांगितले, की स्नायू मुख्यतः प्रथिनांचा बनतो. पेशी जुन्या प्रथिनावर खूण लावते, त्याचे बारीक तुकडे करते आणि ते तुकडे व अन्नातून आलेले तुकडे जोडून नवे प्रथिन विणते. मोडणे आणि विणणे, दोन्ही अखंड चालू असतात. माणूस पडून राहिला की विणणे मागे पडते.

"म्हंजे जुना जाळा फाडायचा, त्याचं शिसं नि बुचं काढून नव्या जाळ्याला लावायची," दाजी म्हणाले.

"अगदी तेच."

"मंग व्यायामाने काय होतं?"

"थोडं मोडतं, पण—"

"बस. आता मी हलत नाय."

हा निर्णय दाजींनी काटेकोरपणे पाळला. नवे जाळे न वापरता घडी घालून माळ्यावर ठेवले तर ते अधिक टिकते, हा त्यांचा सिद्धांत त्यांनी मांडीस लावला. शिवाय, चालता येईपर्यंत उपवासाचेच खाईन, असा नवस त्यांनी एकवीरा आईला बोलला होता. त्यामुळे दुपारी साबुदाणा आणि रात्री रताळे, असा क्रम चालू होता. मांडी आणखी उतरली.

देवराम रोज संध्याकाळी येई.

"काय दाजी, पाय काय म्हनतो?"

"पायाचं इचारतो का मानाचं?"

"एकाच फेरीत दोन्ही कामं होतात."

तो गेल्यावर हेमांगी पलंगाशी बसली. "बाबा, माळ्यावरच्या जाळ्याला उंदीर लागतात ना? इथे उंदीर मांडीतच राहतात. पायावर भार पडला तरच पेशीला कळतं की ही मांडी लागते. आणि विणायला माल हवा. साबुदाण्यात तो जवळजवळ नसतोच."

"नवस मोडू? चालायसाठीच केलाय मी तो."

"आणि त्यानेच चालणं अडलंय."

दाजींनी भिंतीवरच्या एकवीरेच्या तसबिरीकडे पाहिले. "आईसमोर असं बोलू नको गो."

तेव्हा दाजींची पत्नी मंजुळा, जी तोवर भिंतीला टेकून शेंगा सोलत होती, म्हणाली, "दूध, दही, दाणे, राजगिरा. यांतलं काय चालत नाय उपासाला?"

दाजींनी बराच विचार केला. हरकत सापडली नाही.

त्या दिवसापासून त्यांनी दाण्याची आमटी आणि दही सुरू केले, आणि दाराची चौकट धरून उठबस आरंभली. पहिल्या आठवड्यात त्यांनी चौकटीला, सुनेला आणि जीवशास्त्राला शिव्या दिल्या. आषाढ सरता सरता चौकट सुटली. मांडी पूर्वीइतकी झाली नव्हती. पण ती आता दाजींना उचलत होती.

पौर्णिमेला दाजी नारळ घेऊन निघाले. देवराम नवी टोपी घालून त्यांच्या अगदी शेजारून चालला. धक्क्याच्या पायऱ्या दाजी एकेक करून, कोणाचाही हात न धरता उतरले, आणि त्यांनी नारळ पाण्यात सोडला. वाजंत्री वाजली.

मग ते वळले, पायरीवर पाय ठेवला आणि तसेच थांबले. मांडी थरथरत होती. शेवटी दोन पुतण्यांनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर आणले.

"हे चालायचं नाय," देवराम म्हणाला. "सोताच्या पायांनी म्हंजे सोताच्या पायांनी."

"रीत उतरायची हाय," दाजी पुतण्यांच्या खांद्यांवरून म्हणाले. "चढायचं कोन बोललाय?"

पंचांनी थोडा वेळ चर्चा केली. चढण्याविषयी कोणीच काही बोललेले नव्हते.

दाजी घरी आले आणि नवस फिटला म्हणत त्यांनी मंजुळेस मासळी करण्यास सांगितले.