कॉलेजांची ज्येष्ठता यादी

"मॅडम, माझं कॉलेज सोळावं कसं काय झालं?"

रंजना नोटीस बोर्डापुढे उभी राहून विचारत होती. शेजारी तिचे वडील, सकाळच्या जीपने दाभोशाहून आलेले. मी चष्मा पुसला आणि यादी वाचली. नावं मी दिलेलीच होती. क्रम मात्र माझा नव्हता.

मी जव्हारला अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवून रिटायर झाले. आता एका खाजगी ट्रस्टच्या इथल्या केंद्रात काउन्सेलर म्हणून बसते. जव्हार-मोखाड्याच्या मुलांना परदेशात शिकायला हा ट्रस्ट मदत करतो. अट अशी की कॉलेज ट्रस्टच्या यादीत पहिल्या दहात पाहिजे. त्या वर्षी अर्ज एकच होता, रंजना भोयेचा. बीएस्सी ॲग्री झालेली, पुढं पिकांच्या रोगांवर एमएस करायचं होतं. अमेरिकेतल्या एका कॉलेजात ॲडमिशनही मिळाली होती. दहा दिवसांत होकार कळवायचा आणि सोबत ट्रस्टचं पत्र जोडायचं. पत्र नाही तर ॲडमिशन नाही.

यादीचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा आमच्या केंद्राचे साहेब म्हणाले होते, "नेटवर रँकिंग असतंच की. उतरवून काढा."

उतरवून काढा! नेटवर सहज सापडतं ते ओव्हरऑल रँकिंग, म्हणजे सगळ्या विषयांची मिळून गोळाबेरीज. त्यात वरच्या नंबरचं कॉलेज कायद्याला उत्तम असतं आणि तिथं शेतीचं डिपार्टमेंटच नसतं. आपणही डोळे एका दवाखान्यात दाखवतो आणि बाळंतपणाला दुसरीकडे जातो. मग मी वीस नावाजलेली कॉलेजं घेतली. कोण इंजिनीअरिंगला पक्कं, कोण सार्वजनिक आरोग्याला, कोण शेतीला, हे एकेक करून तपासलं. लाइट जायची, नेट जायचं, पाठ धरायची. शेवटी पिकांच्या रोगांसाठी कोण किती चांगलं, असा क्रम लावला. त्यात रंजनाचं कॉलेज तिसरं होतं.

यादी टाइप करायला मी महाले भाऊसाहेबांकडे दिली होती. हे आमचे क्लार्क. सगळी नोकरी सरकारी ऑफिसच्या आस्थापना टेबलावर गेली, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बदल्या, बढत्या आणि सीनियॉरिटी लिस्ट.

मी तडक त्यांच्या टेबलापाशी गेले. "भाऊसाहेब, हा क्रम कुठून आणलात?"

"स्थापनेच्या तारखेवरून," ते शांतपणे म्हणाले. "जुनं वर, नवं खाली. ज्येष्ठता यादी अशीच असते."

"अहो, ही काय मास्तरांची बदली आहे?"

"तुम्ही नुसते एक ते वीस आकडे घातलेत मॅडम. क्रम कशाचा, ते वर लिहिलंच नाहीत. बाजूला तारखा होत्या. मी व्यवस्थित लावून दिला."

मला रडावं की हसावं कळेना. तारखांचा रकाना मीच घातला होता, माहिती असावी म्हणून. म्हणजे चूक निम्मी माझीच. या वयात पुन्हा सगळ्यांच्या पाया पडायचं, याचा मला मनापासून कंटाळा आला होता.

बाहेर रंजनाचे वडील थांबले होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, पोरीचा सगल्या गावाला सांगून झालाय. आता तिला नाय म्हणून कसा सांगू?"

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, "यादी ट्रस्टच्या ठाण्याच्या कमिटीला गेली. आता बदल पुढच्या मीटिंगमध्ये."

"ती महिन्याने आहे, साहेब. हिची मुदत दहा दिवस."

"मी काय करू मग?"

तेवढ्यात महाले दारात येऊन उभे राहिले. "साहेब, यादी अंतिम नाही. मी वर 'तात्पुरती' असं टाकलंय. पंधरा दिवस हरकती घेता येतात. हरकत आली की कमिटीला ऐकावीच लागते."

"तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं करायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? ज्येष्ठता यादी आधी तात्पुरतीच लागते."

साहेबांनी यादी उलटसुलट पाहिली. खाली त्यांचीच सही होती. "बरं, द्या हरकत."

"पण हरकत बाधितानंच घ्यायची असते," महाले म्हणाले.

"बाधित कोण इथं?" मी विचारलं.

"कॉलेज."

"भाऊसाहेब, कॉलेज अमेरिकेत आहे!"

महाल्यांनी जरा विचार केला. "मग मुलगी चालेल."

रंजना बाकावर बसून कागद लिहायला लागली. मी सांगत होते, डिपार्टमेंटचं नाव टाक, लॅबबद्दल लिही. तिनं माझं काही घेतलं नाही. वाचून मी तो तसाच महाल्यांकडे दिला. कमिटीने तोच कागद पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मोठ्याने वाचला:

"आमच्या माळावरची नागली करपा रोगाने जाते. त्या वर्षी घरात भाकरीला पीठ पुरत नाही. या कॉलेजात नागलीच्या करप्यावर काम करणाऱ्या एक बाई आहेत. मी त्यांना तीन वेळा ईमेल केला, त्यांनी तिन्ही वेळा उत्तर दिलं. यादीतल्या बाकी एकोणीस कॉलेजांत नागलीवर कोणी नाही. म्हणून माझ्यासाठी हे पहिलं."

कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, "नागली म्हणजे आपली नाचणीच ना?" रंजना म्हणाली, "हो." पाच मिनिटांत मंजुरी झाली. मुदतीच्या आदल्या दिवशी पत्र हातात पडलं आणि पोरगी अमेरिकेला गेली.

घरी आल्यावर मी माझी मूळ यादी काढून पुन्हा पाहिली. वीस कॉलेजं तपासताना मी डोळे दुखेपर्यंत नेट चाळलं होतं, पण तुला नेमकं कशावर काम करायचंय, हे रंजनाला एकदाही विचारलं नव्हतं. महाल्यांनी तिचं कॉलेज सोळावं केलं म्हणून मी ऑफिस डोक्यावर घेतलं. पण माझ्या यादीतही ते तिसरंच होतं, आणि पहिल्या दोन ठिकाणी तिच्या नागलीकडे बघायला कुणीच नव्हतं.