उत्तरेची खिडकी

पुष्पा एसटीतून उतरली तेव्हा तिच्या अंगात भांडायचं बळ उरलं नव्हतं. आली होती मात्र भांडायलाच. घाटंजीजवळच्या तिच्या तांड्यावर बंजारा वस्तूंचं संग्रहालय तिनंच आखलं होतं. संग्रहालय म्हणजे काय, एक लांबट खोली; पण पुष्पाची सगळी विद्या त्या खोलीच्या उत्तरेकडच्या खिडकीत होती. उजेड दिवसभर आत, ऊन बाहेर. जुन्या कापडांचे रंग उन्हानं उडतात, म्हणून हा सगळा खटाटोप. आणि आता नेमका रंग उडालेला दिसत होता, तोही तिच्याच आईनं, रुपीबाईनं दिलेल्या आरशांच्या ओढणीचा.

"खिडकीनंच खाल्ला रंग," तांड्याचे नाईक शंकरसिंग म्हणाले. "विटा आणून ठेवल्या. बुजवून टाकू अन् ट्यूबलाइट लावू."

खापर फोडायला माणसं डोकं शोधत फिरतात. इथे डोकं आपणहून एसटीनं आलं होतं.

पुष्पानं छज्जा पाहिला, काच पाहिली, उजेड मोजला. कुठेच खोट नव्हती. ओढणीवर मात्र रुंद, पांढुरका पट्टा ढळढळीत दिसत होता. गावोगावच्या संग्रहालय-समित्यांना उत्तरेच्या खिडकीचं हेच समजावता समजावता ती पार विटून गेली होती. बुजवा म्हणावं एकदाची, असं तिच्या मनात आलंसुद्धा.

रुपीबाई बाहेर पायरीवर बसली होती. खोलीची किल्ली तिच्याकडेच असे.

"याडी, ओढणीले कोणी हात लावलता का?"

"मीच. होळीआधी उन्हात टाकली. सालातून एकडाव ऊन दाखवाच लागते, नाही तं कसर लागते." म्हातारी पुढे म्हणाली, "तू टांगली तवा पाठीवरचा भाग आत दुमडला होता. मी परत टांगली, तं तो बाहेर आला असन."

"म्हणजे रंग आधीच गेलता?"

"कवाचाच. निंदताना, वेचताना वाकलं का पाठ उन्हाले राह्यते. तू झाडाखाली झोळीत राहे, सावलीत. तुले कसा दिसन?"

एरवी कापड उन्हात टाकल्याबद्दल पुष्पा कडाडली असती. आज तिला रडू आलं. आयुष्यभर तिनं कापडांना उन्हापासून जपलं होतं. जिनं ही ओढणी पांघरली, तिच्यावर सावली धरायला मात्र कोणी नव्हतं.

"विटा परत पाठवा, काका," ती नाईकांना म्हणाली. "खिडकीचा काही दोष नाही." आणि काय झालं ते तिनं सांगितलं.

"मंग ओढणी तरी सरळ टांग. चांगली बाजू दिसू दे लोकाईले."

पुष्पा आत गेली. ओढणीची एक चुणी तिनं नीट केली आणि पट्टा होता तसाच समोर ठेवला.

"हीच चांगली बाजू आहे," ती म्हणाली.